डॉक्टर राल्फच्या खिशात

आधी वास येतो. जवसाच्या तेलाचा, काजळीचा, आणि त्या दोघांच्या आडून डोकावणारा, नाकाला चुकवता न येणारा मुताचा. दचकू नका. शाई लावायचे चामडी बोळे रात्रभर मुतात भिजत घातले की चामडं मऊ राहतं. या काळातल्या सगळ्याच छापखान्यांची ही रीत आहे, तेव्हा जिनिव्हातले क्रामेर बंधू तिला अपवाद कसे असतील? महिना जानेवारी, साल १७५९. बाहेर बीझ नावाचा बोचरा वारा तळ्यावरून गावात शिरतोय. तुमच्या अंगावर कुणाचा तरी जुना लोकरी कोट आहे आणि दोन्ही हातांत एकेक बोळा. तुम्ही खिळ्यांवर शाई थापायची आणि जोडीदाराने दांडा ओढायचा. पन्नासेक ताव होईतो तुमचे खांदे भरून येतात. त्याने तर उभा जन्म दांडा ओढण्यात घालवलाय, त्यामुळे त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर वर आहे.

कागद चिंध्यांच्या लगद्याचा, छापण्याआधी ओलावलेला. छापून झालेला ताव लांब काठीवर झेलून वरच्या दोरीवर टाकायचा. मान वर केलीत तर उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या धोतरांची आठवण होईल. तावाच्या एका बाजूला बारा पानं, दुसऱ्या बाजूला बारा. सगळं पुस्तक २९९ पानांचं. म्हणजे साडेबारा ताव कागद झाला, की संपलं. घड्या घालून शिवलं, तर तुमच्या या उसन्या कोटाच्या खिशात बसेल आणि वरून रुमालही राहील. हे माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घडी घातल्यावर पानं क्रमाने यावीत म्हणून तावावर ती उलटसुलट मांडलेली असतात. तेव्हा ही गोष्ट तुम्हाला आधी तुकड्यातुकड्यांत, मान वाकडी करकरून वाचावी लागते. एका पानावर वेस्टफालियातली एक गढी आहे. तिचा मालक फार मोठा उमराव, कारण त्याच्या गढीला दार आहे आणि खिडक्यासुद्धा आहेत. शेजारच्या उलट्या पानावर पँग्लॉस नावाचे गुरुजी शिकवतायत, की नाक हे चष्मा टेकवण्यासाठी घडवलेलं आहे आणि म्हणूनच आपल्याला चष्मे मिळालेले आहेत. तुमचा शिष्यबंधू काँदीद, भोळा पोरगा, हे सगळं खरं मानतो. मालकाच्या मुलीचा एक मुका घेतो आणि ढुंगणावर लाथ खाऊन गढीबाहेर पडतो. इथून पुढे त्याच्या वाट्याला लढाई, फटके, वादळ, भूकंप, दरोडे, फसवणूक काय काय येतं. गुरुजींना गुप्तरोग होतो, नाकाचा शेंडा झडतो, एक डोळा आणि एक कान जातो. तरी सिद्धांताचा टवकाही उडत नाही.

हा सिद्धांत मूळचा लायब्निझचा, १७१० सालचा. सर्वज्ञ आणि दयाळू ईश्वराने, शक्य असलेल्या साऱ्या जगांतून, सर्वांत उत्तम तेच निवडलं असणार. लायब्निझ मूर्ख नव्हता. कलनशास्त्राच्या जनकांपैकी एक माणूस मूर्ख कसा असेल? पण मोठ्या माणसाचा विचार दिवाणखान्यांतून फिरत फिरत खाली आला की त्याचं काय होतं, ते तुम्ही आपल्याकडेही पाहिलंय. कुणाचं लग्न मोडतं, कुणाचं तरणंताठं पोर जातं, आणि समाचाराला आलेली मावशी हात हातात घेऊन म्हणते, होतं ते बऱ्यासाठीच. मावशीच्या मनात वाईट नसतं. पँग्लॉसच्याही नाही. मला तर हा माणूस म्हणूनच भयंकर वाटतो. त्याच्यावर रागावताही येत नाही.

आता मुखपृष्ठाचा ताव हातात घ्या. पुस्तकाचं नाव ‘काँदीद’. खाली लिहिलंय की डॉक्टर राल्फ यांच्या जर्मन लेखनाचं हे भाषांतर आहे. भाषांतर करणाऱ्याचं नाव नाही. छापणाऱ्याचं नाही. गावाचं नाही. फक्त साल. तुम्ही जोडीदाराला विचारता, हे राल्फ कोण? तो शेगडीकडे बघतो, मग दांड्याकडे, आणि दांडा ओढतो.

कोण ते या छापखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. गावाबाहेर ‘ले देलिस’ नावाच्या घरात राहणारा चौसष्ट वर्षांचा तो सडपातळ म्हातारा, फ्रांस्वा-मारी आरुए, जगासाठी व्हॉल्टेअर. त्याने नाव का लपवावं याची कारणं त्याच्या अंगावर उमटलेली आहेत. राज्यकारभार पाहणाऱ्या सरदाराची टिंगल केली म्हणून १७१७ मध्ये बास्तीयच्या तुरुंगात टाकलं; अकरा महिने काढले. १७२६ मध्ये एका उमरावाशी शाब्दिक चकमक झाली, तर त्या उमरावाने स्वतःच्या नोकरांकडून त्याला भररस्त्यात बडवून घेतलं, आणि वर पुन्हा तुरुंगात गेला तो मार खाणारा. मग इंग्लंड. तिकडे जे पाहिलं त्यावर पुस्तक लिहिलं, तर १७३४ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ते जाळलं. आणि १७५७ च्या जानेवारीत एका माथेफिरूने पंधराव्या लुईवर चाकू उगारल्यापासून तर फ्रान्समध्ये धर्माविरुद्ध किंवा राजसत्तेविरुद्ध चिथावणारं लिहिणाऱ्याला देहदंड अशी राजाज्ञाच निघालेली आहे. राल्फ यांचं जर्मन असणं या पार्श्वभूमीवर बघा. नाव लपवण्याची ही युक्ती त्याची एकट्याची नव्हे. मोंतेस्क्यूची इराणी प्रवाशांची पत्रं १७२१ मध्ये निनावीच निघाली, आणि १७२६ मध्ये स्विफ्टने आपलं पुस्तक सरळ गलिव्हरच्या नावावर खपवलं.

पाचव्या प्रकरणाचा ताव दोरीवर चढवताना तो तुमच्या हाताला जरा जास्तच ओला लागतो. ओल मनगटापर्यंत येते. तिला खारट वास आहे.

१ नोव्हेंबर १७५५, शनिवार, लिस्बन. सर्व संतांचा सण. सकाळचे साडेनऊ वाजून गेलेत आणि अख्खं गाव देवळांत आहे. प्रत्येक वेदीवर मेणबत्त्या तेवतायत. आधी घरघर येते, दगडी रस्त्यावरून जड गाड्यांची रांग चालल्यासारखी. मग जमीन तुमच्या पायांखालून सरकते, थांबते, पुन्हा सरकते. छत कोसळतं ते प्रार्थना करणाऱ्यांवर. जे बाहेर निसटले ते मोकळी जागा म्हणून तेजो नदीच्या धक्क्याकडे धावले. तुम्हीही धावता. तिथे पाणी मागे हटलेलं दिसतं, तळाचा चिखल आणि जुन्या नावांचे सांगाडे उघडे पडलेले. लोक वाकून बघतात. त्यांना ओढा, ओरडा, तुमची भाषा कुणाला कळणार? पाणी परत येतं. आणि वेदींवरच्या त्या मेणबत्त्यांनी पेटवलेलं गाव पुढे कित्येक दिवस जळत राहतं. नदीकाठचा राजवाडा ग्रंथालयासकट गेला. त्याच वर्षीच्या वसंतात उघडलेलं नवंकोरं ऑपेरागृह गेलं. खुद्द धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची, इमारतसुद्धा गेली. राजा जुझे त्या सकाळी गावाबाहेर बेलेंला होता म्हणून वाचला; त्यानंतर दगडी छताखाली झोपायची त्याला भीतीच बसली, आणि राजदरबार तंबूंत अन् लाकडी घरांत भरू लागला.

जिनिव्हाला बातमी पोचायला तीन आठवडे लागले. व्हॉल्टेअरने आधी गंभीर, लांबलचक कविता लिहिली. त्यावर रूसोने १७५६ मध्ये त्याला पत्र पाठवून चांगलं खडसावलं: सहा-सहा, सात-सात मजली घरं तिथे निसर्गाने बांधून ठेवली नव्हती, माणसं पांगून राहिली असती तर एवढी मेली नसती. रूसोच्या या पत्राला मी तरी हसणार नाही. भूकंपात माणसं मरतात ती बरीचशी बांधकामामुळे, हे आज कुठलाही अभियंता सांगेल. पण रूसोला त्यातून ईश्वराची बाजू सावरायची होती, आणि व्हॉल्टेअरला आता वाद घालायचा कंटाळा आला असावा. पुढल्या खेपेला त्याने गोष्ट लिहिली.

गोष्टीत काय होतं? भूकंपानंतर विद्वान मंडळी ठरवतात, की पुन्हा धरणीकंप होऊ नये यासाठी काही माणसांना मंद आचेवर, साग्रसंगीत जाळणं हा अक्सीर इलाज आहे. पँग्लॉसला बोलल्याबद्दल पकडतात आणि काँदीदला ऐकल्याबद्दल. दोघांना रंगवलेले झगे आणि कागदी टोप घालून मिरवतात. काँदीदच्या झग्यावरच्या ज्वाळांची टोकं खाली आहेत, पँग्लॉसच्या झग्यावरच्या ज्वाळा सरळ उभ्या. तालासुरात भजन चालू असतं, त्या तालावर काँदीदला फटके बसतात. त्याच दिवशी जमीन पुन्हा हादरते.

या झग्यांपाशी जरा थांबा, कारण त्यांचा एक धागा आपल्या किनाऱ्याला येऊन टेकतो. शार्ल देलों नावाच्या फ्रेंच वैद्याला १६७३ मध्ये दमणला पकडून गोव्याच्या धर्मन्यायालयाच्या कोठडीत टाकलं होतं. १६७६ च्या जानेवारीत शिक्षेच्या मिरवणुकीत तो स्वतः अनवाणी चालला. सुटल्यावर १६८७ मध्ये त्याने फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिलं आणि त्यात हे झगे रंगारेषांसकट वर्णन केले: ज्याला जाळायचं त्याच्या झग्यावर वर उसळणाऱ्या ज्वाळा आणि सैतान, कबुली देऊन आगीतून सुटलेल्याच्या झग्यावर त्याच ज्वाळा उलट्या. व्हॉल्टेअरला गोवा ठाऊक होतं. दहा वर्षांनी, १७६९ मध्ये, त्याने ‘अमाबेदची पत्रं’ लिहिली, त्यात काशीकडचं एक तरुण जोडपं थेट गोव्याच्या याच कोठडीत जाऊन पडतं. तुम्ही काँदीदचा हा ताव वाळत घालताय तेव्हा गोव्यातलं ते न्यायालय चालूच आहे. १५६० मध्ये सुरू झालेलं, ते कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडणार आहे.

गोव्यातल्या त्या मिरवणुका माणसांनी उघड्या डोळ्यांनी पाहिल्या आणि पाहताना गप्प बसली. छापल्या तावावर मात्र त्याच मिरवणुकीला जोडीदार खिक्कन हसतो. तो आता तुमच्या खांद्यावरून वाचतोय.

आता निघायचं. ताव मोजून, न शिवता, न बांधता, गठ्ठ्यांत भरलेत. पुस्तक शिवून घेण्याचं काम गिऱ्हाइकाचं. जानेवारीच्या मध्याला एक हजार प्रतींचे गठ्ठे पॅरिसकडे निघतात, दोनशे ॲम्स्टरडॅमला, इतर गावांनाही. कुठेही आधी फुटायचं नाही, सगळीकडे जवळपास एकदम बाहेर यायचं, असा बेत. एका गावी बंदी आली तरी तोवर ते दुसऱ्या चार गावांत पोचलेलं हवं. आज याला कुणी मार्केटिंग म्हणेल. मला यात गनिमी कावा दिसतो.

गाडीवानाशेजारी बसा. बर्फ, घोड्यांची वाफ, जकातनाके. या धंद्यात एक शब्द आहे: लग्न लावणं. निषिद्ध पुस्तकाचे सुटे ताव एखाद्या सोवळ्या पुस्तकाच्या तावांमध्ये सरकवायचे. नाक्यावरच्या माणसाने वरची पानं चाळली तर त्याला नवऱ्या मुलाचं घराणं तेवढं दिसतं. दुसराही एक शब्द ऐकून ठेवा. पुस्तकविक्रेते आपसातल्या पत्रांत अशा सगळ्या मालाला ‘तत्त्वज्ञानाची पुस्तकं’ म्हणतात. त्यात नास्तिकांचे ग्रंथ असतात आणि चावट चित्रांच्या पोथ्याही असतात. मालाचा दर्जा एकच: सापडलात तर गोत्यात.

पॅरिसला तुम्ही १० फेब्रुवारीला, जरा लवकरच, पोचता. न्यायालयाच्या मोठ्या जिन्याच्या पायथ्याशी गर्दी आहे. फाशी देणारा जल्लाद आज पुस्तकं जाळतोय. मुख्य बळी हेल्व्हेशियसचा ‘मनाविषयी’ हा ग्रंथ. गंमत अशी, की तो गेल्याच वर्षी राजाच्या सेन्सॉरची रीतसर परवानगी घेऊन छापलेला होता. लेखकाला पुन्हा पुन्हा माफीनामे लिहून द्यावे लागले, परवानगी देणाऱ्या सेन्सॉरची नोकरी गेली. त्याच ढिगात व्हॉल्टेअरची एक कविताही आहे. आणि दिदरोच्या ज्ञानकोशाचे सात जाडजूड खंड, ‘जी’ अक्षरापर्यंत आलेले, चौकशीसाठी अडकलेत. ८ मार्चला त्याचा परवाना रद्द होणार. ते खंड उचलायला दोन हात लागतात आणि विकत घ्यायला सावकार. पुढे १७६६ मध्ये व्हॉल्टेअर आपल्या मित्राला, दालांबेरला, पत्रात कळवणार आहे की असल्या वीस खंडांनी कधी क्रांती व्हायची नाही. धसका घ्यावा तो तीस सू किमतीच्या चिमुकल्या पुस्तकांचा. साडेबारा ताव लक्षात आहेत ना?

महिन्याच्या उत्तरार्धात माल फुटतो. फेरीवाले कोटाखाली दडवून विकतात. अखेरीस सरकारी वकील ओमेर जोली द फ्लरी जागे होतात, पोलीस धाडी घालतात, सापडतील त्या प्रती उचलतात. तोवर उशीर झालेला असतो. इतर छापखान्यांनी चोरून छापायला घेतलंय. वर्ष सरता सरता फ्रेंचमध्येच डझनाहून जास्त आवृत्त्या आणि इंग्रजीत तीन वेगवेगळी भाषांतरं झालेली असतील. एकूण २०,००० वर प्रती खपल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

तुमची प्रत घेऊन कॅफे प्रोकोपमध्ये कोपऱ्यात बसा. आवाज न करता वाचा. पोलिसांच्या खबऱ्यांना इथे ‘माशा’ म्हणतात आणि कॉफीवर माशा बसायच्याच. शेजारच्या टेबलावरचा माणूस इंग्रजांच्या ॲडमिरलच्या प्रकरणावर हसतोय. ते प्रकरण घडलेलं आहे, नुसतं दोन वर्षांपूर्वी. मिनोर्का बेट गमावलं म्हणून इंग्रजांनी ॲडमिरल बिंग याला १४ मार्च १७५७ रोजी पोर्ट्समथच्या बंदरात त्यांच्याच जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या. व्हॉल्टेअरने त्याला वाचवायची खटपट केली होती. ज्या फ्रेंच सेनापतीने बेट जिंकलं त्याच्याकडूनच बिंगच्या बाजूने पत्र लिहून घेऊन पाठवलं होतं. उपयोग झाला नाही. गोष्टीत काँदीदला समजावलं जातं, की बाकीच्यांना हुरूप यावा म्हणून अधूनमधून एखादा ॲडमिरल मारणं बरं असतं. पत्राने जे साधलं नाही ते या एका वाक्याने साधलं का? बिंगच्या दृष्टीने नाही.

तुमची कॉफी आली. साखर घाला, ढवळा, आणि एकोणिसावं प्रकरण उघडा.

सुरिनामच्या वेशीवर एक काळा माणूस जमिनीवर पडलाय. अंगात अर्धीच निळी चड्डी. डावा पाय नाही, उजवा हात नाही. तो सांगतो ते साध्या शब्दांत, तक्रारीचा सूरही न लावता: उसाच्या चरकात बोट अडकलं की हात तोडतात, पळून जायला बघितलं की पाय तोडतात, माझ्या बाबतीत दोन्ही झालं. आणि तुमच्याकडे साखर खातात ती या भावात. या प्रसंगात पँग्लॉसचा सिद्धांत प्रथमच काँदीदच्या घशात अडकतो. पुस्तकाच्या इतर सगळ्या संकटांना चेष्टेचं तेल लावलेलं आहे, इथे कोरडं. व्हॉल्टेअरने चिटणीस वान्येरला सांगून उतरवून घेतलेलं आधीचं हस्तलिखित पुढे सापडलं, त्यात हा माणूस नाही. तो नंतर आला. सगळं लिहून झाल्यावर कधीतरी या लेखकाला वाटलं असावं, की आपण जगभर हिंडलो आणि एक गाव राहिलं.

पण म्हणून त्याच्या फोटोला हार घालायची घाई नको. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीत त्याचे स्वतःचे पैसे गुंतलेले होते. काळ्या माणसांविषयी त्याने इतरत्र जे लिहिलंय ते वाचून मान खाली जाते, आणि याच पुस्तकातला यहुदी सावकार जुन्याच द्वेषाच्या साच्यातून काढलेला आहे. चष्मा नाकावर असला तरी स्वतःचं नाक दिसत नाही, हे पँग्लॉसला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या निर्मात्यालाही नाही.

कपात तळाशी विरघळायची राहिलेली साखर आहे. ठेवा तशीच. परत जिनिव्हाला जायचंय.

मार्च उजाडलाय. जिनिव्हाच्या काल्विनपंथी नगरपित्यांनीही पुस्तकाविरुद्ध हुकूम काढलाय. म्हणजे पॅरिसचे कॅथलिक आणि इथले प्रॉटेस्टंट एका गोष्टीवर एकमत झाले, हेही पुस्तकाचंच श्रेय. ‘ले देलिस’च्या बागेत माळी वाफे खणतायत. म्हाताऱ्याला झाडांचं खरोखरच वेड आहे, आणि गेल्याच वर्षाच्या अखेरीस त्याने सरहद्दीपलीकडे, फ्रान्सच्या हद्दीत, फेर्ने नावाची जहागीर विकत घेण्याचा सौदा केलाय. जिनिव्हावाले उठले तर फ्रान्स, फ्रान्सवाले उठले तर जिनिव्हा. त्याच्या गोष्टीतली दमलेली मंडळीही शेवटी कॉन्स्टँटिनोपलजवळ एका छोट्या तुकड्यावर भाजीपाला लावू लागतात. पँग्लॉस तिथेही बोलतच असतो.

आत, टेबलावर, पत्रं चाललीत. पाद्रीमित्राला, परिचितांना, सगळ्यांना एकच: हे काँदीद का कोण ते आपण आत्ताच कुठे वाचलं, आपल्याला दुसरे उद्योग आहेत, असला पोरकटपणा आपल्या नावावर लोक कसा खपवतात कोण जाणे. कानांवर हात ठेवायचे तर असे, खणखणीत. कुणाचा विश्वास बसत नाही, आणि बसावा अशी अपेक्षाही नाही. हवा असतो तो फक्त पुराव्याचा अभाव.

पुढचा प्रसंग कागदोपत्री नाही, माझा आहे. तुम्हाला एवढ्या लांब आणलंय तर तेवढी सूट द्या. तुम्ही खिशातली प्रत काढून त्याच्यासमोर ठेवता. तो ती दोन बोटांनी उचलतो, जणू शेजाऱ्याच्या मांजराने आणून टाकलेली वस्तू. नवखेपणाने पानं उलटतो. भुवई वर जाते, खाली येते. मग कुठल्याशा पानावर त्याचं बोट थांबतं, त्याचे डोळे बारीक होतात, आणि दुसऱ्या हाताने, तुमच्याकडे न पाहता, तो दौतीतली लेखणी उचलून एक मुद्रणदोष दुरुस्त करतो.

१७६१ मध्ये सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली. पॅरिसवरचं प्रकरण चांगलंच लांबलं होतं. मुखपृष्ठावर नाव डॉक्टर राल्फ यांचंच, फक्त आता सोबत एक खुलासा होता: ही भर डॉक्टरांच्या खिशात सापडली, ते १७५९ मध्ये मिंडेन इथे वारले तेव्हा. मिंडेनला त्या वर्षी १ ऑगस्टला मोठी लढाई झाली होती. ते गाव वेस्टफालियात आहे, काँदीदला लाथ मारून हाकललेल्या त्या गढीच्याच मुलखात.